मामाला टाकी देणारे गोमाजी वस्ताद

मी रागावलो तर आमच्या घरात कुणी घाबरत नाही. बायको म्हणते, "यायचा राग म्हंजे कुकरची शिट्टी. तीन झाल्या का स्टो बंद करा." मुलं खरंच मोजतात.

मागच्या आठवड्यात चौथी शिट्टी झाली. तीही गावात, चारचौघांत. मालेगावहून दोन कोसांवरच्या आमच्या गावी तालमीची नवी इमारत झाली, म्हणून मला बोलावलं होतं. दारातच काळ्या फरशीवर सोनेरी अक्षरांत तालमीची परंपरा कोरलेली. आबाजी पाटील, आबाजींचे वडील, आबाजींचे चिरंजीव, पत्रे देणारे, फाटक देणारे, फाटकाला रंग देणारेसुद्धा. मी यादी तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. गोमाजी वस्तादांचं नाव कुठेच नव्हतं.

तिथल्या तरुण चिटणिसाला विचारलं, तर तो म्हणाला, "कोन गोमाजी?"

मी जे काय बोललो ते बोललो. चहा घेणार नाही म्हणालो. मग घेतला. साखर जास्त होती, त्यावरूनही बोललो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "फरशीवर नाव नाई म्हनून एवढे तापले, अन् तुमी काय केलं होतं ते सांगतलं का त्यायले?"

ते सांगितलं नव्हतं. इथे सांगतो, पण ते यायला थोडा वेळ आहे. आधी वस्ताद.

गोमाजींचा धंदा जाती-पाटे टाकवण्याचा. दळून दळून जात्याच्या तळ्या, म्हणजे त्याचे दोन दगड, गुळगुळीत होतात, मग दाणा भरडत नाही, नुसता घसरतो. तेव्हा छिन्नी आणि हातोडीने तळीला पुन्हा बारीक टाके घालावे लागतात. टाकी देणं म्हणतात ते हेच. आमच्या पंचक्रोशीतल्या वीस-बावीस गावांची जाती त्यांच्या हाताखाली असायची. गुडघ्यापर्यंत धोतर, बंडी, खांद्याला जाड कापडाची थैली, थैलीत छिन्न्या. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी कायमची बसलेली, त्यामुळे चाळिशीतच म्हातारे दिसत. एका जात्याला उजव्या हाताने हातोडी धरली तर पुढच्या जात्याला डाव्या हाताने. कुणी विचारलं तर म्हणत, "डावा काय पावना आला?"

धंदा हा, आणि वेड तालमीचं. गावच्या मारुतीमागे पाटलांच्या वडिलांनी बांधलेली मातीची तालीम होती. गोमाजी तिथे पंधरा वर्षं वस्ताद. पगार नाही, मान थोडा, राग भरपूर.

राग म्हणजे माझ्यासारखा नव्हे. माझा आवाज वर जातो आणि फाटतो. त्यांचा खाली जायचा. जितका राग जास्त तितका आवाज बारीक, शेवटी ओठ हलताना दिसायचे फक्त, आणि समोरचा माणूस वाकून वाकून ऐकायचा. म्हणजे शिव्या खायलाही वाकावं लागे. आणि वाकला की, "कंबर सरळ ठेव" हे आणखी.

कशावरही रागवत. भिंतीला टेकून बसलेल्या माणसावर. आयुष्यभर एकाच खांद्यावर पोतं घेणाऱ्या हमालावर: "दुसरा खांदा काय सासरी गेला तुया?" राम राम घालायचे नाहीत. समोर आलं की, "आज काय उचललं?" त्यावर 'काही नाही' म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी त्या दिवशी जेवायला लायक नव्हता. कुणाच्या घरात गेले की पाणी पिण्याआधी पाण्याचा हंडा उचलून जागेवरून जागेवर ठेवायचे. आमची आई म्हणायची, "वस्ताद, हंडा बरा होता तिथी." ते म्हणत, "हंड्याचं नाई पाहून राह्यलो बाई, मायं पाहून राह्यलो."

त्यांची शिकवण तीन गोष्टींची. कंबर सरळ, वजन पोटाशी, श्वास खाली. या तीन बदलायच्या नाहीत, मेलं तरी. बाकी सगळं बदलायचं, रोज. आज नदीच्या वाळूत उभं राहून दगड, उद्या फरशीवर. आज पाय जवळ, उद्या फाकलेले. एक दिवस सरकीचं कोरडं पोतं, दुसऱ्या दिवशी तेच ओलं. कधी बैलाचं जू, एका टोकाला धरून. कधी अर्धी भरलेली घागर. ती भरलेलीपेक्षा हलकी, पण पाणी आत इकडून तिकडे जातं आणि माणसाला घेऊन जातं. कधी बकरीचं पाठरू, म्हणजे पिल्लू, जे स्वतःहून उचलून घ्यायला तयार नसतं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. वस्तादांनी मला ती एकदा जागी असताना उचलायला लावली आणि एकदा झोपलेली असताना. "वजन तेच हाये ना? मंग काहून जड लागली?" एवढंच विचारलं आणि निघून गेले. मी विचार करत राहिलो. बहीण म्हणाली, "तुमच्या तालमीपायी मायी पोरगी उठवली."

आणि एक वाक्य. ते मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल. कुणी मोठा दगड उचलून छाती फुगवून पाहायला लागला की वस्ताद जवळ जाऊन बारीक आवाजात म्हणायचे:

"तुले गोटा नाई येत लेका. तुले *तो* गोटा येते."

मी त्यांचा शिष्य होतो असं मी पाहुण्यांना सांगतो. सहा महिने होतो. तेवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, शाळेत हंगामी मास्तर, अंगाने चरख्यावरच्या सुतासारखा. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून रोज वेगळं दिलं: दगड, जू, घागर, पोतं. सहा महिन्यांनी मला यातलं काहीच येत नव्हतं. जू नाकावर आदळून घेतलं, घागर सदऱ्यात रिकामी केली, पाठरू तर माझ्याकडे पाहूनच बसायचं. मी तालीम सोडली तेव्हा वस्ताद काही बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्याबद्दल रागवण्याइतकीही आशा त्यांना उरली नाही. त्यांच्या मनात दुसरंच होतं, ते दोन वर्षांनी कळलं.

वस्तादांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती ते उघड सांगत. मरायच्या आत एक माणूस असा तयार करायचा, की ज्याला कुठलाच दगड परका वाटणार नाही. एकच. पंधरा वर्षांत असा माणूस झाला नव्हता. मग सुदाम आला.

सुदाम आमच्या गावचाच, सहा एकरांच्या कोरडवाहू शेताचा धनी, माझ्या वयाचा. बोलायला कमी, हसायला जास्त, आणि अंग असं की बैल अडला तर बैलाला बाजूला करून गाडी ओढेल. वस्ताद त्याच्यावर दिवसातून तीनदा रागवायचे. त्यावरून आम्ही ओळखलं की हाच.

आता मामा. तालमीच्या दारात काळा गोटा होता, अडीच मणाचा. त्याचं नाव मामा, कारण पाटलांच्या वडिलांनी तो सासरच्या गावाहून गाडीत घालून आणला होता, म्हणजे आबाजींच्या मामाच्या गावचा. "मामा उचलला का?" असं लोक एकमेकांना विचारत. दोन पिढ्यांच्या हातांनी मामाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते, आत बोटं बरोबर बसायची. सुदाम मामाला खांद्यावर घ्यायचा. पाटील स्वतः खडू घेऊन भिंतीवर रेघ मारायचे. एका दमात सात वेळा, तर सात रेघा. पुढच्या आठवड्यात नऊ. आबाजी पाटील वाईट माणूस नव्हते, हे मला रागातही लिहावं लागतं. त्यांना रेघा आवडायच्या. वाढलेल्या रेघा पाहिल्या की माणसाला वाटतं काहीतरी होतंय.

वस्ताद ओल्या फडक्याने रेघा पुसायचे.

"काहून पुसता वस्ताद?" पाटील विचारायचे.

"भिंतीले ताकद आली तर आपल्याले काय फायदा?"

कामरगावच्या पुढच्या एका गावी होळीनंतर यात्रा भरायची. तिथे गोटा उचलण्याची पैज, चांदीचं कडं. आमच्या गावाला ते कधी मिळालं नव्हतं. पाटलांनी ठरवलं, यंदा सुदाम. आणि त्यासाठी चार महिने सुदामने दुसरं काही उचलायचं नाही, फक्त मामा. रोज, त्याच वेळी, त्याच जागी.

वस्ताद म्हणाले, "तिथी मामा नाई राहत पाटील. तिथी त्यायचा गोटा राहते."

"गोटा तो गोटा. मामा अडीच मनाचा हाये. त्यायचा दोनच मनाचा. हा तर खेळत उचलन."

"वजनाचं कोन बोलून राह्यलं?" हे इतक्या बारीक आवाजात, की पाटलांना वाकावं लागलं, आणि पाटलांना वाकायची सवय नव्हती.

खरं सांगायचं तर गावाचाही धीर सुटला होता. वस्तादांच्या पद्धतीत काही वाढताना दिसायचंच नाही. आज ओलं पोतं दोनदा उचललं, उद्या जू एकदाही नाही, परवा वाळूत पाय घसरला. रोज माणूस नवशिका. अशातच एका सकाळी त्यांनी सुदामला अर्धी भरलेली घागर घेऊन चढणीवरून देवळापर्यंत यायला सांगितलं. विहिरीवर बाया होत्या. सुदाम पाचव्या पावलाला हेलकावला, घागर कलंडली, आणि हा पहिलवान कमरेपर्यंत भिजून उभा. एक म्हातारी म्हणाली, "आन इकडे बापू, सुनेले सांगतो, ते नेऊन देईन घरापावतर." सगळ्या हसल्या. सुदाम हसला नाही. त्याच दिवशी तो पाटलांकडे गेला आणि म्हणाला, मामाच करतो.

रेघा वाढल्या. अकरा, चौदा, सतरा. यात्रेला महिना उरला तेव्हा एकवीस. गाव भिंत पाहायला यायचं. मीही गेलो आणि मोजून आलो. मनात म्हणालो, वस्ताद चुकले. सहा महिन्यांत मला काही आलं नव्हतं, त्याचाही त्यात हात होता. आपण नालायक ठरण्यापेक्षा गुरू चुकीचा ठरणं केव्हाही सोयीचं.

मग तो सोमवार. भर दुपार. मारुतीमागून टक टक टक टक आवाज यायला लागला. गावातल्या बायांना तो आवाज ओळखीचा. वस्ताद टाकी द्यायला बसले, असं समजून दहा-बारा जणी जात्याच्या वरच्या तळ्या डोक्यावर घेऊन तालमीकडे निघाल्या. माझी आईही, आणि तिच्या मागून पाटा घेऊन मी. जाऊन पाहतो तर वस्ताद मामासमोर मांडी घालून बसलेले, आणि मामाचे दोन्ही खळगे छिन्नीने उडवून टाकलेले. बोटं बसायची ती जागा आता नव्हतीच. उरलेल्या अंगावर ते शांतपणे बारीक टाके घालत होते, एखाद्या बाईचं जातं असावं तसं.

"वस्ताद, हे काय करून राह्यले?" आई म्हणाली.

"गुयगुयीत झाला होता," ते म्हणाले. "दयत नव्हता."

पाटील आले. तोपर्यंत अर्धं गाव आलं होतं. मामा मारुतीच्या आवारातला, त्याला शनिवारी कुणी कुणी शेंदूरही लावायचं. वस्तादांनी देवाच्या दगडाला छिन्नी लावली, असा बोभाटा झाला. सुदाम मामाजवळ बसून हात लावून पाहत होता. त्याचं तोंड असं झालं होतं की कुणीतरी त्याचं घर हलवून दुसरीकडे ठेवलंय.

"तुयासाठी केलं," वस्ताद त्याला म्हणाले. "आता उचल."

सुदामने हात घातला. बोटं सवयीच्या जागी गेली, तिथे काही नव्हतं. मामा वीतभर उठला आणि खाली बसला. एकवीस रेघांचा माणूस. वस्तादांनी पाटलांकडे पाहिलं. तेवढं पाहणंच नडलं, असं मला आजही वाटतं. न पाहते तर पाटलांना कदाचित कळलं असतं.

संध्याकाळच्या आत देवळात बैठक झाली. ठराव असा, की गोमाजी यांनी तालमीत आणि गावाच्या शिवेत पाय ठेवू नये. ठराव लिहायला सुवाच्य अक्षराचा माणूस हवा होता. गावात असा एकच होता.

आता आलं ते. मी लिहिला. पाटलांनी सांगितलं ते तर लिहिलंच, वर 'देवतेचे पावित्र्य भंग केल्यामुळे' हे शब्द माझ्या पदरचे. कुणी मागितले नव्हते. वाक्य भारदस्त दिसावं म्हणून घातले. पंचवीस वर्षं मी त्या चार शब्दांवर रागावलोय, आणि तो राग कुकरचा नाही. वस्ताद खांबाला न टेकता उभे होते. मी लिहीत असताना ते जवळ आले, कागदावर वाकले, आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाये. रोज हेच गिरवते का?"

मग थैली उचलून गेले. जाताना तिचा खांदा बदलला.

पाटलांनी मामाला दुरुस्त करायचं ठरवलं. नाल्यावर पुलाचं काम चालू होतं, तिथून घमेलंभर सिमेंट आलं. मामाच्या दोन्ही बाजूंना ते थापलं, आणि ओलं असतानाच सुदामला त्यात हात दाबायला लावले. दहा बोटांचे दहा ठसे. वाळल्यावर मामा सुदामच्या हाताचा झाला. दुसऱ्या कुणाची बोटं त्यात बसेनात. अख्खं गाव या अकलेवर खूश होतं, आणि त्या गावात मीही राहत होतो. रेघा पुन्हा एकवीस झाल्या. मग तेवीस.

यात्रेला चार गाड्या गेल्या. तिथला गोटा लांबट, अंड्यासारखा, मामापेक्षा अर्ध्या मणाने हलका. त्याला कुठेच खळगा नाही, आणि गावच्या बायांनी नवसाचं तेल ओतून ओतून तो चकचकीत केलेला. आमचे लोक आधी हसले. एवढुसा?

सुदामने पहिल्यांदा हात घातला, गोटा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. लोक ओरडायला लागले. तिसऱ्यांदा त्याने तो गुडघ्यापर्यंत आणला, तो डावीकडे कलला. मामा कधी कलायचा नाही. सुदाम त्याच्यामागे कंबरेतून वळला. ती सरळ राहिली नाही. आवाज आला, ओलं लाकूड मोडतं तसा. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आला. सुदाम बसला नाही, पडला.

गर्दीतून वस्ताद आले. ते तिथे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सुदामला पालथं केलं, त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि पाटलांकडे पाहिलं. पाटलांचा चेहरा उतरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "गोटाच खोटा हाये यायचा."

वस्तादांचे ओठ हलले. आवाज काहीच आला नाही. आमच्यापैकी कुणीही वाकून ऐकलं नाही.

सुदाम वर्षभर नीट चालू शकला नाही. आधी खाटेवर, मग भिंतीला धरून. पाटलांनी डॉक्टर आणला, तेलं आणली, आणि मग येणं कमी केलं. भिंतीवरच्या रेघा पहिल्या पावसाच्या ओलीने गेल्या. त्या पुसायला कुणी लागलं नाही.

ठरावाप्रमाणे वस्ताद शिवेच्या आत येत नव्हते. ते फार कडक पाळलं त्यांनी. सुदामचं शेत इंझोरीच्या वाटेला, शिवेपलीकडे. तिथल्या खोपटात सुदामला गाडीतून नेऊन ठेवलं, आणि वस्ताद शेजारच्या गावाहून एक दिवसाआड यायला लागले. मी रविवारी जायचो. काय तोंडाने जायचो ते विचारू नका. गूळ-शेंगदाणे घेऊन जायचो, म्हणजे हातात काहीतरी असे.

पहिले चाळीस दिवस त्यांनी सुदामला एकच काम दिलं. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या, जमिनीवरून उचलून पोटाशी, पुन्हा खाली. तोच तांब्या, तीच जागा. मला नवल वाटलं. मी म्हणालो, "वस्ताद, तुमी तं रोज येगयं द्याचे."

ते रागावले, पण माझ्यावर नाही. "ज्याची कंबरच कंबरेले ओयखत नाई, त्याले रोज नवं द्याचं नसते. आदी एकच, कंबर पुरे म्हनते तवापावतर. मंग रोज नवं." मग त्यांच्या मानाने मोठ्या आवाजात म्हणाले, "तुयं म्या उलटं केलं. तुले आदी सहा मयने एकच गोटा द्याले पायजे होता. तुयी काई चूक नव्हती."

मी शेंगदाणे सोलत राहिलो. ज्या माणसाला मी चार शब्द जास्तीचे लावून गावाबाहेर काढलं, तो मला म्हणत होता, तुझी चूक नव्हती. त्यापेक्षा त्यांनी छिन्नी फेकून मारली असती तर बरं.

तांब्यानंतर अर्धा तांब्या. मग घागर, मग अर्धी घागर, मग ओलं पोतं, वाळू, जू, बकरी. सुदाम भिजला, पडला, पुन्हा उठला. आता त्याच्यावर हसायला तिथे विहीर नव्हती.

इकडे गावात जाती गुळगुळीत झाली होती. भाकरी चरबट लागायला लागली. पुरुषांनी तक्रार केली तेव्हा बाया म्हणाल्या, ठराव खा. मग एक दिवस आईसकट पंधरा-वीस बाया तळ्या डोक्यावर घेऊन, कुणी कडेवर पोर आणि डोक्यावर तळी घेऊन, शिवेवरच्या बाभळीपर्यंत चालत गेल्या आणि टाकी करवून घेऊन परत आल्या. दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिल्या. वस्ताद बाभळीखाली बसून त्यांना येताना पाहायचे. नांगरटीतून, बांधावरून, काट्यातून, माना ताठ. ते सुदामला म्हणाले, "पाह्य. यायले कोनी वस्ताद नाई, न् एकीचीबी कंबर वाकडी नाई. अन् आमी तालमी बांधतो."

ठराव मागे घ्यावा असं आईने मला तीनदा सांगितलं. मी पाटलांशी बोलतो म्हणालो. बोललो नाही. मी तेव्हा कायम मास्तर व्हायच्या खटपटीत होतो आणि अर्जावर पाटलांची शिफारस हवी होती. शिफारस मिळाली.

दगडाची भुकटी जाती टाकवणाऱ्याच्या भुवयांवरच बसते असं नाही, छातीतही बसते. चार-पाच वर्षांत वस्ताद खोकायला लागले, मग पाच पावलांवर थांबायला लागले. त्यांच्या लांब राहणाऱ्या मुलीने त्यांना बोलावलं. मालेगावच्या मोटार स्टँडवर त्यांना सोडायला आम्ही दोघंच गेलो, सुदाम आणि मी. बैलगाडीतून उतरवलं तेव्हा वस्तादांना उभं राहता येत नव्हतं. मोटारीची पायरी उंच, दार अरुंद, आत माणसं, पायात कोंबड्यांची टोपली. कंडक्टर म्हणाला, "लवकर करा बावा."

सुदाम वाकला. कंबर सरळ. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली, वस्तादांना पोटाशी घेतलं. नेमकी त्याच वेळी वस्तादांना खोकल्याची उबळ आली. ते सगळं अंग हातातल्या हातात उसळलं, एक पाय लोंबला, हाताने सुदामची मान गच्च धरली. अर्धी भरलेली घागर याच्यापुढे काहीच नाही. सुदाम थांबला, पाय थोडे फाकले, वजनाबरोबर जरासा गेला आणि परत आला. मग तिरका होऊन पायरी चढला, टोपलीवरून पाऊल टाकलं, आणि वस्तादांना खिडकीजवळच्या बाकावर असं ठेवलं की बाक वाजला नाही.

मी खालून वस्तादांच्या तोंडाकडे पाहत होतो. पाय कुठे ठेवला, श्वास कुठे घेतला, काहीतरी निघेलच. त्यांनी सुदामकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुदामला काही सांगितलं नाही. सुदामला ते कळलं. तो उतरला आणि मोटारीच्या मागे जाऊन उभा राहिला, आम्हाला तोंड दिसू नये म्हणून.

मला आता बोलायचं होतं. मी खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "वस्ताद, त्या कागदाचं..."

"थैली राह्यली," ते म्हणाले.

छिन्न्यांची थैली गाडीजवळच जमिनीवर पडलेली. मी धावत गेलो आणि एका हाताने, पाठ कमानीसारखी करून, ती हिसडली. ती मला वाटली त्याच्या दुप्पट जड होती. पाठीत कळ आली. तोल जाऊन मी दोन पावलं तिरका गेलो आणि कशीबशी ती खिडकीतून आत ढकलली. इंजिन सुरू झालं. वस्तादांचे ओठ हलले. या वेळी मी वाकलो नाही, टाचा उंच करून कान खिडकीला लावला.

"कंबर," ते म्हणाले.

मोटार निघाली. धुळीतून बराच वेळ खिडकीबाहेर एक हात दिसत राहिला. निरोपाला हलत नव्हता. एक बोट ताठ, माझ्या कमरेकडे रोखलेलं.